ताटातला वडा आणि ४४ ओळी

चि. दिग्दर्शिकाबाईंस,
सप्रेम आशीर्वाद.

शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’ची तुझी रंगावृत्ती वाचली. नाटकाच्या सुरुवातीला येणाऱ्या क्रिस्टोफर स्लायवर लाल पेनाने काट मारली आहेस आणि नायिका कॅथरिनाच्या शेवटच्या, ‘बायकांनी नवऱ्याचं ऐकावं’ सांगणाऱ्या ४४ ओळींच्या भाषणाशेजारी लिहिलं आहेस, ‘डोळा मारते’. दोन्हींवर माझं भांडण आहे.

डोळा नटी मेरी पिकफर्डने १९२९च्या चित्रपटात मारून झालाय. समोर कॅथरिनाचा नवरा पेट्रुकिओ म्हणून तिचा खराखुरा नवरा, डग्लस फेअरबँक्स. पण एकदा डोळा मारला की त्या ४४ ओळी खोट्या ठरतात आणि बाईने आधी जे सोसलं तेही पुसलं जातं. तिचा सूर कुठला, ते चौथ्या अंकात शोध. नवरा घरी आणतो, मांस करपलं म्हणून ताट फेकून देतो, झोपू देत नाही. वर प्रेक्षकांना आपला बेत सांगतो: ससाण्याला उपाशी ठेवून, जागवून माणसाळवतात, तसंच हिचं करणार. इतकं उघड लिहिलेलं असताना हा प्रवेश नुसता धांदलीचा करून टाकतात, याचा मला राग येतो.

आम्ही तो बसवला तेव्हा आठवडाभर रिकामं ताट होतं आणि सगळे खिदळत होते. एका संध्याकाळी मी ताटात गरम बटाटेवडा ठेवला. सगळ्यांनाच भूक लागलेली. कॅथरिनाचा हात ताटाकडे गेला, नवऱ्याने ताट मागे ओढलं आणि म्हणाला, आधी आभार मान. तिने मान वर न करता ‘आभारी आहे’ म्हटलं. विंगेतलं हसू थांबलं. शेवटच्या भाषणाचा पहिला सूर आम्हाला तिथे सापडला.

आता स्लाय. दारू पिऊन पडलेला हा कल्हईवाला. एक उमराव गंमत म्हणून त्याला ‘आपण सरदार आहात’ असं पटवतो, पोऱ्याला बायकी कपडे चढवून त्याची बायको करतो आणि मग त्याच्यापुढे हे नाटक होतं. म्हणजे बायकोला वठणीवर आणण्याचा खेळ एका फसवल्या गेलेल्या बेवड्यासाठी चाललाय! १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या छापील संग्रहात, तो पहिल्या अंकात डुलक्या घेतो आणि पुढे गायबच होतो. ती फट तुझ्यासाठीच आहे. १९७८ साली इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्डला दिग्दर्शक मायकेल बोगदानोव्हने ती अशी भरली: प्रेक्षागृहातून एक झिंगलेला माणूस भांडत रंगमंचावर चढतो, नेपथ्य पाडतो आणि तोच पुढे पेट्रुकिओ म्हणून येतो. ते काम जोनाथन प्राइसचं. त्याउलट इंग्लिश नट डेव्हिड गॅरिकने १७५४मध्ये तुझ्यासारखीच कात्री चालवली. स्लाय गेला, नाटक तीन अंकी झालं, आणि कॅथरिनाच्या भाषणातल्या काही ओळी चक्क नवऱ्याच्या तोंडी गेल्या.

आपल्याकडे वासुदेवराव केळकरांनी याची ‘त्राटिका’ केली. शाहूनगरवासी नाटक मंडळीत प्रतापराव, म्हणजे आपला पेट्रुकिओ, करायचे गणपतराव जोशी आणि त्राटिका, म्हणजे कॅथरिना, बळवंतराव जोग. शेक्सपिअरच्या काळीही कॅथरिना मुलगाच करायचा. तेव्हा तुझी ‘पुरुष कॅथरिना’ची कल्पना नवी नाही, पण ती मात्र ठेव.

जमलं तर शेक्सपिअरच्याच काळातल्या जॉन फ्लेचरचं ‘द टेमर टेम्ड’ही वाच. त्यात पेट्रुकिओचं दुसरं लग्न होतं आणि नवी बायको त्यालाच सरळ करते. १६३३च्या नोव्हेंबरात दोन दिवसांच्या अंतराने ‘टेमिंग’ आणि हे, दोन्ही नाटकं इंग्लंडच्या चार्ल्स राजापुढे झाली. दरबारी नोंदीत पहिलं ‘आवडलं’, दुसरं ‘फार आवडलं’!

स्लाय परत घाल. शनिवारी तालमीला येतो. वडे मी आणतो, ताट तू सांभाळ.

तुझा,
मास्तर