दोन मालिका-कलाकार आणि पीट रोझ: एकाच पानावर स्मरणलेख कसा लिहावा?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या अंकात २०२४ मध्ये गेलेल्या जॉन एमॉस, ड्रेक होगेस्टिन आणि बेसबॉलपटू पीट रोझ या तिघांवर मिळून एक पान लिहायचं आहे. अभिनेत्यांचं जमेल, पण रोझच्या जुगाराबद्दल किती लिहायचं आणि कुठे?

रोझचा जुगार पहिल्याच परिच्छेदात घ्या, त्यांच्या सर्वाधिक हिट्सच्या विक्रमाला लागून. शेवटी ‘काही वादही झाले’ एवढंच लिहून सुटका करून घेतलीत तर जाणकार वाचक हसेल आणि अजाण वाचकाला काहीच कळणार नाही.

आधी तारखा नीट लावा. तिघांच्या बातम्या चार-पाच दिवसांत आल्या, म्हणून ‘एकाच आठवड्यात तिघे गेले’ असं लिहायचा मोह होतो. ते चूक आहे. एमॉस २१ ऑगस्टला गेले, बातमी १ ऑक्टोबरला बाहेर आली. होगेस्टिन २८ सप्टेंबरला गेले, दुसऱ्या दिवशी त्यांचा ७१वा वाढदिवस होता, म्हणून वय ७०च लिहा. रोझ ३० सप्टेंबरला लास वेगासमध्ये गेले, वय ८३.

एमॉस यांच्यासाठी दोनच भूमिका घ्या. ‘गुड टाइम्स’मधला शिकागोच्या सरकारी चाळवजा इमारतीत राहणारा बाप जेम्स इव्हान्स (१९७४ ते ७६), आणि गुलामगिरीवरच्या १९७७च्या ‘रूट्स’ मालिकेतला गुलाम, प्रौढ कुंटा किंटे. पहिलीत ते आणि पत्नीची भूमिका करणाऱ्या एस्थर रोल यांच्यात १९ वर्षांचं अंतर होतं, ती मोठी. पडद्यावर ते जाणवत नाही, हीच त्या जोडीची करामत. थोरल्या मुलाच्या माकडचेष्टांवर सगळा विनोद बेतला जातोय, हे त्यांना पटत नव्हतं. लेखक-निर्मात्यांशी खटके उडत गेले, तिसऱ्या सत्रानंतर त्यांना काढलं, आणि चौथ्याच्या सुरुवातीला जेम्स अपघातात गेल्याची तार घरी येते. ‘रूट्स’बाबत एक चूक हमखास होते: चाबकाचे फटके मारून ‘टोबी’ हे नाव वदवून घेण्याचा प्रसंग एमॉस यांच्या नावावर जातो. तो तरुण कुंटा झालेल्या लेव्हार बर्टनचा आहे. पाऊल तोडलं जातं तो प्रसंग एमॉस यांचा.

होगेस्टिन यांचं लवकर आटपेल. ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’मध्ये ते १९८६ साली आले ते चेहऱ्यावर बँडेज गुंडाळून. पुढे तो माणूस म्हणजेच मालिकेतलं जुनं पात्र रोमन ब्रेडी असं दाखवलं. पण मूळचा रोमन, वेन नॉर्थ्रॉप, १९९१ मध्ये मालिकेत परतला, तेव्हा होगेस्टिन यांच्या पात्राला जॉन ब्लॅक म्हणून वेगळं उभं करावं लागलं. नॉर्थ्रॉपही २०२४ मध्येच, २९ नोव्हेंबरला गेले, त्यामुळे फोटो टाकताना दोघांची अदलाबदल होऊ देऊ नका. रोझकडे वळायला दुवाही इथेच आहे: अभिनयाआधी होगेस्टिन न्यूयॉर्क यांकीज या संघाच्या दुय्यम संघांतून बेसबॉल खेळत होते.

आता रोझ. पानाचा निम्मा भाग त्यांना द्या. कारण नुसता आकडा देऊन भागत नाही, तो समजावून सांगावा लागतो. ४,२५६ हे ‘हिट्स’ आहेत. मराठीत हटकून ‘४,२५६ धावा’ छापलं जातं. हिट म्हणजे चेंडू टोलवून फलंदाजाने सुखरूप बेस, म्हणजे धावमार्गावरचा थांबा, गाठणं. रोझ यांच्या धावा २,१६५ आहेत. कारकिर्दीतल्या सर्वाधिक हिट्सचा टाय कॉब यांचा ४,१९१चा विक्रम त्यांनी ११ सप्टेंबर १९८५ रोजी सिनसिनाटीत मोडला. कॉब यांचा आकडा काही संशोधक ४,१८९ धरतात. एका पानाच्या लेखात त्या भानगडीत पडू नका.

जुगारामुळे बेसबॉलमधून आलेल्या बंदीचा घटनाक्रम असा लिहा. रोझ तेव्हा सिनसिनाटी रेड्स या संघाचे मॅनेजर, म्हणजे सामन्यात संघ चालवणारे, होते. बेसबॉल प्रशासनाने नेमलेले वकील जॉन डाउड यांच्या चौकशीत १९८७च्या हंगामात रेड्सच्याच ५२ सामन्यांवर त्यांनी पैसे लावल्याचं पुढे आलं. २४ ऑगस्ट १९८९ला जाहीर झालेल्या करारावर स्वतः सही करून त्यांनी बेसबॉलमधली कायमची अपात्रता मान्य केली, पण बेसबॉलवर सट्टा लावल्याचं पुढे जवळजवळ १५ वर्षं नाकारलं. २००४ मध्ये कबूल केलं.

‘म्हणजे मॅच फिक्सिंगच ना?’ हा प्रश्न क्रिकेटवर वाढलेला वाचक विचारणारच. नाही. आपल्या संघाविरुद्ध पैसे लावल्याचा पुरावा डाउड यांना मिळाला नाही. हॅन्सी क्रोनिए यांचं प्रकरण वेगळं. त्यांनी सट्टेबाजांकडून पैसे घेतले होते. मग एवढी कडक शिक्षा कशासाठी? कारण आज पैसे लावलेला मॅनेजर आज जिंकण्यासाठी उद्याचा पिचर (चेंडू टाकणारा) आजच दमवू शकतो. ज्या दिवशी तो पैसे लावत नाही, त्या दिवशी बुकीला आपोआप इशारा मिळतो. आणि बुकीचं देणं थकलं की माणूस त्याच्या मुठीत जातो. आपलं कर्तव्य असलेल्या सामन्यावर सट्टा लावल्यास कायमची अपात्रता, हा नियम प्रत्येक संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये लावलेला असतो. माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयच नाही.

आणखी तीन ठिकाणी हात घसरतो. एक, त्यांना हॉल ऑफ फेममधून, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीतून, ‘काढलं’ नाही. ते तिथे कधी नव्हतेच, आणि अपात्र माणसाचं नाव मतपत्रिकेवर येणार नाही हा नियम १९९१चा आहे. दोन, १९९०चा पाच महिन्यांचा तुरुंगवास सट्ट्यासाठी नव्हता, उत्पन्न लपवून खोटी करविवरणपत्रं भरल्याबद्दल होता. तीन, २०१७चा आरोप. १९७०च्या दशकात आपण सोळा वर्षांच्याही नव्हतो तेव्हा रोझ यांनी संबंध ठेवले, असं एका स्त्रीने शपथपत्रात म्हटलं. ती सोळा वर्षांची होती अशी आपली समजूत होती, असं रोझ यांचं म्हणणं. खटला झाला नाही, पण फिलाडेल्फिया फिलीज या त्यांच्या जुन्या संघाने ठरलेला सन्मान रद्द केला. हे वाक्य गाळू नका, आणि ‘म्हटलं’, ‘म्हणणं’ ही क्रियापदंही गाळू नका.

भाषेचं एक बघा. आपल्याकडे खेळाडू एकेरीत आणि ज्येष्ठ नट आदरार्थी, अशी सवय आहे. एकाच पानावर एमॉस ‘ते’ आणि रोझ ‘तो’ झाले, तर तुमचा निकाल व्याकरणातूनच लागतो. तिघांनाही ‘ते’ ठेवा.

शेवटच्या वाक्यात तारीख घालाच. मृत व्यक्तींना अपात्रतेच्या यादीत ठेवायचं नाही, असं बेसबॉलचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी १३ मे २०२५ रोजी ठरवलं आणि रोझ यांचं नाव यादीतून निघालं. म्हणजे हॉलचा दरवाजा उघडला असं नाही, फक्त नाव विचारात घेता येतं. जुन्या काळातल्या खेळाडूंसाठीची १६ जणांची समिती डिसेंबर २०२७ मध्ये बसेल आणि १२ मतं लागतील. तोवर ‘हॉल ऑफ फेमर पीट रोझ’ असं कुठेही छापू नका, फोटोखालच्या ओळीतसुद्धा.