राजीनामा ड्राफ्टमध्येच राहू द्या

पत्र नागपूरच्या मानेवाड्याहून आलं आहे. लिहिणारे ४२ वर्षांचे, इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान, महिन्याला सरासरी ३५-४० हजार सुटतात. पत्नी मिहानमधल्या एका कंपनीत, हातात ५२ हजार. एक मुलगी, सातवीत. वडील ६६ वर्षांचे, आयुष्यभर खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी. ९ जानेवारीला तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं: जबड्याचा काही भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, मांडीचा तुकडा घेऊन गाल शिवला. श्वासनलिकेचं भोक बुजलं, ड्रेन निघाला, नाकातली खाण्याची नळी अजून आहे. १६ फेब्रुवारीपासून रेडिएशनच्या ३० बैठका आणि सोबत आठवड्याला एक केमो.

प्रश्न असा: "घरी २४ तास नर्स ठेवायची तर ब्युरोवाले महिन्याला ५४ हजार सांगतात. दोन वर्षांची तजवीज करायची आहे. बेशाचा प्लॉट विकावा की एफडी मोडावी?"

आणि मग, जाता जाता, एक ओळ: "तोवर मार्ग म्हणून सौ. नोकरी सोडते आहे. १ तारखेला राजीनामा, २८ फेब्रुवारी शेवटचा दिवस. मेल ड्राफ्ट करून ठेवला आहे."

भाऊ, तुमच्या पत्रातली खरी बातमी ही आहे. प्लॉटचं नंतर बघू.

ऑपरेशनचं बिल ४ लाख ८० हजार झालं. त्यातले ४ लाख १४ हजार कोणी भरले? वहिनींच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीने, कारण त्या पॉलिसीत सासू-सासरे घातलेले होते. ५ लाखांचं कव्हर, आईवडिलांसाठी १० टक्के आपल्या खिशातून. तुम्ही हे सगळं स्वतःच लिहिलंत आणि पुढच्याच परिच्छेदात त्या पॉलिसीची मुळी उपटायला निघालात. ग्रुप पॉलिसी कंपनीची असते, तुमची नसते. नोकरी गेली की कव्हर गेलं, वहिनींचं, तुमचं, मुलीचं आणि बाबांचंही.

तुम्ही म्हणाल, ५ लाखांपैकी आता ८६ हजारच उरलेत, त्यासाठी कशाला अडून बसायचं? ते ८६ हजार बहुधा रेडिएशनच्या पहिल्या पंधरवड्यातच उडतील, मान्य. पण तुमच्या पॉलिसीचं वर्ष १ एप्रिलला बदलतं. त्या दिवशी कव्हर पुन्हा भरून ५ लाख होतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये दुखणं उलटायचं असलं तर ते बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतं. गिळता न आल्यामुळे, जंतुसंसर्गामुळे पुन्हा भरती व्हावं लागतं ते वेगळंच. म्हणजे ज्या दोन वर्षांत कव्हर सगळ्यात जास्त लागणार, नेमकी तीच तुम्ही उघडी टाकताय.

नवी पॉलिसी घेऊ म्हणाल, तर उपचार चालू असलेल्या माणसाला आज साधी मेडिक्लेम कोणी देणार नाही. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय नियमांत आहे, पण घ्यायचं की नाही हे ती कंपनी प्रकृती बघून ठरवते. बाबांची फाइल बघून ती काय ठरवेल हे तुम्हालाही कळतंय.

आता हिशेब मांडू. वहिनींचा पगार वर्षाला सव्वासहा लाख, वर पीएफ. तुमच्या घरातलं दर महिन्याला ठरल्या तारखेला येणारं उत्पन्न हे एकच. दुकानाचं सरासरी असतं. पगार आणि कव्हर मिळून वर्षाला ११ लाखांची गोष्ट सोडायची, कशासाठी? नर्सचा खर्च वाचवायला. मग नर्सला खरंच किती लागतात ते बघू.

माझ्या थोरल्या भावाचं असंच ऑपरेशन झालं होतं. हॉस्पिटलमधून सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरने मला पलंगाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "आता तुम्ही भरा, मी बघते." पाठीशी उशी देऊन त्याला बसता केला. नळीवरची खूण आहे तिथेच आहे का पाहिलं. वरणाचं पाणी दोनदा गाळलं, मनगटावर थेंब टाकून कोमट आहे ना ते पाहिलं, मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढून टाकला आणि वरणाला स्वतःच्या वजनाने उतरू दिलं. शेवटी साधं पाणी, नळी धुवायला. अर्धा तास आडवं करायचं नाही. पहिल्यांदा माझा हात थरथरत होता, तिसऱ्यांदा नाही. सिस्टरनी सीटी स्कॅनच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला सकाळी ६ ते रात्री १० च्या वेळा लिहून दिल्या. ते पाकीट चार महिने आमच्या फ्रिजवर होतं.

श्वासनलिकेत नळी असती, सक्शन (यंत्राने कफ ओढून काढणं) करावं लागत असतं, तर मी म्हटलं असतं की शिकलेली नर्सच हवी आणि पैशाचा विचार करू नका. तुमच्याकडे ते राहिलेलं नाही. आता आहे ते नळीतून खाऊ घालणं, दिवसातून पाच-सहा वेळा तोंड साफ करणं, आंघोळ, औषधांच्या वेळा आणि एक दिवसाआड ड्रेसिंग. याला चोवीस तासांची सिस्टर लागत नाही. १२ तासांचा ब्रदर, म्हणजे रुग्णाची देखभाल करणारा माणूस लागतो, ज्याचे तुमच्याच ब्युरोने १८ हजार सांगितलेत, आणि ड्रेसिंगपुरती घरी येणारी सिस्टर. नळीत काही अडकलं, ताप आला, जखमेतून वास आला, तर घरी प्रयोग न करता सरळ हॉस्पिटलला फोन.

किती दिवस? दोन वर्षं हा आकडा कुठून आला कळत नाही. रेडिएशन मार्चअखेर संपेल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटतं, तो काळ वाईट, आणि संपल्यावरही महिनाभर तसाच जातो. एकूण चार महिने धरा. १८ चोक ७२ हजार, ड्रेसिंगचे आठ-दहा हजार, मधले पंधरा दिवस फार जड गेले तर तेवढ्यापुरती चोवीस तासांची सिस्टर, २७ हजार. सगळं मिळून १ लाख १० हजार. वहिनींचे दोन पगार आणि वर थोडे. एवढ्यासाठी नोकरी?

शिवाय पत्रात कुठेही "मी दुकान तीन तास उशिरा उघडेन" असं दिसलं नाही. दुकानात दोन पोरं आहेत म्हणता. रेडिएशनची सकाळची वेळ मागून घ्या, स्वतः न्या-आणा, शटर साडेअकराला वर करा. महिन्याला पाच-सात हजारांचा धंदा बुडेल. बुडू द्या.

वहिनींना राजीनाम्याऐवजी एचआरला तीन प्रश्न लेखी विचारायला सांगा: दोन महिने घरून काम मिळेल का, बिनपगारी रजा किती मिळेल, आणि त्या रजेत सासऱ्यांचं कव्हर चालू राहील का. तिसऱ्याचं उत्तर मेलवरच घ्या, फोनवर नको.

रेडिएशन आणि केमोचा अंदाज २ लाख ६० हजारांचा दिलाय, म्हणजे ८६ हजार गेल्यावर खिशातून पावणेदोन लाख. नवं कव्हर मिळावं म्हणून रेडिएशन एप्रिलपर्यंत ढकलायचं कोणी सुचवलं तर ऐकू नका. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत ते सुरू व्हावं असं डॉक्टर बघतात आणि १६ तारीख त्यात बसते आहे. त्याऐवजी रेशनकार्ड आणि बाबांचं आधार घेऊन हॉस्पिटलमध्ये सरकारी योजनेचा माणूस बसतो, त्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात आणि आता पांढरं कार्डही चालतं. "ते गरिबांसाठी असतं" म्हणून तुम्ही विचारलंच नसणार. सध्याचं हॉस्पिटल योजनेत नसेल तर तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल किंवा जामठ्याच्या एनसीआय या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये चौकशी करा. ऑपरेशन एकीकडे आणि रेडिएशन दुसरीकडे यात नवल काही नाही, फक्त आधी सर्जनशी बोला आणि तारीख पुढे जाऊ देऊ नका.

आता तुमच्या पत्रातला तो "गॅरंटीड इन्कम" विमा प्लॅन. साळ्याच्या मित्राने दुखण्याच्या धावपळीत एफडीतले १ लाख २० हजार काढून घेतले, म्हणे नर्सचा पगार त्यातून निघेल. दुसऱ्या वर्षापासून वर्षाला २८ हजार ८००, म्हणजे महिन्याला २,४००. तेवढ्यात ब्रदर चार दिवस येईल, तोही पुढच्या वर्षी, आणि हप्ता आठ वर्षं भरायचा. पॉलिसीचा कागद २० जानेवारीला हाती आला आहे. हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, किरकोळ कापून पैसे मिळतात. उद्या विमा कंपनीच्या शाखेत स्वतः जाऊन अर्ज द्या आणि पोच घ्या. मित्राच्या हाती देऊ नका, तो २१ फेब्रुवारीला देईल.

ते पैसे आले की तुम्हा तिघांसाठी १० लाखांची स्वतःची फ्लोटर (सगळ्यांना मिळून एकच कव्हर) आरोग्य पॉलिसी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. फॉर्ममध्ये तंबाखूचा रकाना आहे. "मी खर्रा कमी केलाय" असं तुम्ही मला लिहिलंत, पण त्या रकान्यात हो आणि नाही एवढंच असतं. हो लिहा. हप्ता वाढेल, पण क्लेमच्या वेळी खोटं निघालं तर हप्तेही गेले आणि क्लेमही.

प्लॉटचं विचारलं होतंत. विकायची गरज नाही. परत आलेले धरले तर एफडीत ६ लाख आहेत, आणि योजना नाही मिळाली तरी रेडिएशन आणि ब्रदर मिळून तीन लाखांच्या आत भागतं. आणखी एक, प्लॉट बाबांच्या नावावर आहे आणि "त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही" असं तुम्ही लिहिता. ते सध्या बोलू शकत नाहीत, पण मुलीच्या पाटीवर लिहून चहा मागतात, हेही तुम्हीच लिहिलंय. मग तीच पाटी घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि विचारा.