सगळे ‘मान्य’ म्हणतात तेव्हा

प्रश्न : समितीच्या बैठकीत ठरावातली आकड्यांची चूक मला स्पष्ट दिसत होती. पण एकेक जण ‘मान्य’ म्हणत गेला आणि पाळी आली तेव्हा माझ्याही तोंडून ‘मान्य’च निघालं. मी एवढा भित्रा आहे का?

उत्तर : स्वतःवर शिक्का मारण्याआधी त्या बैठकीची मांडणी आठवा. मत मोठ्यानं सांगायचं, एकामागून एक सांगायचं आणि तुमची पाळी शेवटाकडे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत अशीच मांडणी होती. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर लहानमोठ्या तीन. पहिलीएवढी कोणती, इतकंच ओळखायचं. खोलीतले बाकीचे सगळे आधीच पढवलेले. १८ पैकी १२ फेऱ्यांत ते एकमुखानं चुकीची रेघ सांगत. एकट्यानं उत्तर देताना चुकांचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं; या १२ फेऱ्यांत मात्र सुमारे ३७ टक्के उत्तरं चुकीच्या बहुमतामागे गेली. चारातले तिघं एकदा तरी वाहवले. तिथे कुणाचं काही बुडणार नव्हतं आणि रेघ तर डोळ्यांसमोर होती. तुमच्यापुढे आकडे होते आणि पुन्हा पुन्हा गाठ पडणारी माणसं.

या प्रयोगांची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. समोर एकच माणूस चुकीचं बोलत असेल तर परिणाम जवळजवळ शून्य. दोघं झाले की चुका १४ टक्क्यांच्या आसपास, तिघं झाले की ३२. पुढे माणसं वाढवली तरी दबाव फारसा वाढत नाही. पण त्या सगळ्यांत एकानं जरी बरोबर उत्तर दिलं, तर चुका चौथ्या हिश्शावर येतात. म्हणजे जोर डोक्यांच्या मोजणीत नसतो, एकमतात असतो. आणि एकमत मोडायला एक जण पुरतो.

प्रश्न : मला खरंच पटलं होतं की मी नुसती री ओढली, हे ओळखायचं कसं?

उत्तर : एक साधी कसोटी आहे. तेच मत निनावी चिठ्ठीवर लिहायचं असतं तर काय लिहिलं असतं? चिठ्ठीवरही ‘मान्य’च आलं असतं, तर ‘एवढे जण म्हणतायत, माझंच चुकत असेल’ असं तुम्हाला मनापासून वाटलं. चिठ्ठीवर वेगळं आलं असतं, तर वेगळं पडण्याची धास्ती होती. मॉर्टन डॉइच आणि हॅरल्ड जेरार्ड यांनी १९५५ मध्ये हे दोन दबाव वेगळे करून दाखवले. दोन्हींवर औषध वेगवेगळं, म्हणून हा फरक करायचा.

पहिल्या दबावासाठी विचारा : ‘तुम्हाला हे कुठून कळलं?’ पाच जणांनी ते एकाकडूनच ऐकलं असेल, तर ती पाच मतं नव्हेत, एकच मत पाचदा ऐकू आलं. दुसऱ्या दबावावर औषध म्हणजे निनावी चिठ्ठी आणि एखादा सोबती; त्याबद्दल पुढे.

गप्प बसणंही मत म्हणून मोजलं जातं, हे विसरू नका. १९६८ मध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी प्रश्नावली भरणाऱ्यांच्या खोलीत धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन कळवलं. शेजारी दोन पढवलेली माणसं निवांत लिहीत बसलेली असताना १० टक्क्यांनीच कळवलं.

प्रश्न : म्हणजे चारचौघांचं ऐकूच नये?

उत्तर : ऐकावं की! अनोळखी इमारतीत बाहेरची वाट सापडत नसेल तर लोक जातात तिकडे जाणंच शहाणपणाचं. प्रत्येकानं स्वतंत्रपणे बघून सांगितलं असेल तर बहुमताला वजन आहे. एकमेकांकडे बघून सांगितलं असेल तर नाही.

प्रश्न : मीच बैठक चालवतो. सगळे माना डोलावतात. काय बदलू?

उत्तर : चर्चेआधी कागद वाटा आणि पाच मिनिटं द्या. प्रत्येकानं आपला कल आणि एक कारण लिहायचं, नाव नाही. चिठ्ठ्या गोळा करून, मिसळून, एकानंच सगळ्या वाचायच्या. चर्चेनंतर चिठ्ठ्या घेतल्या तर उपयोग नाही. तोवर वारं कुठे वाहतंय ते सगळ्यांना कळलेलं असतं. माणसं चार-पाचच असतील तर अक्षरावरून नाव कळतं, तेव्हा छापील पर्यायांवर खूण करायला लावा.

बोलताना सर्वांत नव्या सभासदापासून सुरुवात करा. तुम्ही शेवटी बोला आणि तोवर चेहराही कोरा ठेवा. ‘छान मुद्दा’ एवढं म्हटलंत तरी पुढच्यांना दिशा मिळते. हात वर करून मतदान अगदी शेवटी.

कुणाला तरी मुद्दाम विरोधी बाजू मांडायला नेमण्याची युक्ती बरेच जण सुचवतात. आमच्या मते ती कच्ची आहे. शार्लन नेमेथ यांच्या संशोधनात, वठवलेल्या विरोधापेक्षा खऱ्या विरोधानं लोक जास्त आणि वेगळा विचार करताना दिसले. ज्याला शंका आहे त्यालाच शोधा, आदल्या दिवशी विचारा, आणि बैठकीत त्याचं बोलणं पुरं होऊ द्या.

शंका तुमच्याच मनात असेल तर आधी एक सोबती पक्का करा. त्यानं ऐनवेळी बाजू बदलली तर तुम्ही पुन्हा एकटे : ॲश यांच्या एका प्रयोगात सोबती मध्येच बहुमताला मिळाला आणि चुका लगेच उसळल्या. म्हणून त्याला नुसतं ‘पाठिंबा दे’ म्हणू नका. कुठला आकडा, कुठल्या पानावर, कुणी काय बोलायचं, हे वाटून घ्या. त्यानं पहिल्या दोन-तीन जणांतच बोलावं. दहा वेळा ‘मान्य’ होऊन गेल्यावर तोच आकडा मांडणं कितीतरी जड जातं.