टीआरपी घसरला म्हणजे नेमकं काय घसरलं?

प्रश्न : रात्री साडेआठची जी मालिका आमच्या घरी सगळे बघतात, तिचा टीआरपी तीन आठवड्यांत ५.८ वरून ५.२ वर आला. आता ती बंद होणार, असं घरात सगळे म्हणतात. खरंच तसं असतं का? (राजारामपुरी, कोल्हापूर)

एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. टीआरपीचा आकडा एकच दिसतो, पण त्यात दोन गोष्टींचा गुणाकार असतो : किती जण आले आणि ते किती वेळ बसले.

समजा, टीव्ही असलेल्या घरांत मिळून १००० माणसं आहेत आणि मालिका ३० मिनिटांची आहे. १०० जणांनी ती पूर्ण पाहिली आणि आणखी १०० जणांनी १५ मिनिटं पाहिली. एकूण झाली ४५०० मिनिटं. त्याला ३० ने भागलं की दर मिनिटाला सरासरी १५० माणसं, हजारातले १५ टक्के, म्हणजे रेटिंग (टीआरपी) १५. पुढच्या आठवड्यात तेच २०० जण आले, पण अर्धवट बघणारे नवव्या मिनिटाला उठले. आता बेरीज ३९०० मिनिटं आणि रेटिंग १३. एकही प्रेक्षक तुटला नाही, तरी आकडा दोनने खाली! याचं कारण बहुतेक वेळा भागाच्या आतच सापडतं : कालच्याच प्रसंगाची लांबलेली उजळणी, चुकीच्या जागी आलेला ब्रेक, आठवडाभर न हललेलं कथानक. माणसं मुळात आलीच नाहीत तर मात्र कारण बाहेर शोधायचं : वेळ बदलली, समोर नवी मालिका सुरू झाली किंवा क्रिकेट आलं. २०२० पासून आयपीएलचे रात्रीचे सामने साडेसातला सुरू होतात, म्हणजे मालिकांच्या ऐन वेळेत.

तिसरी गोष्ट म्हणजे त्या वेळी एकूण किती लोक टीव्हीसमोर होते. एरवी साडेआठला सगळ्या वाहिन्यांचं मिळून रेटिंग ४० आणि तुमच्या मालिकेचं ६ असेल, तर तिचा वाटा १५ टक्के. गणेशोत्सवात तुमच्या राजारामपुरीत देखावे बघायला माणसं घराबाहेर असतात; तेव्हा एकूण ३२ आणि मालिका ५.१ झाली, तर वाटा जवळपास १६ टक्के. आकडा उतरला, पण मालिकेची पकड वाढली. वाहिनीत बसलेली माणसं हा वाटा आधी बघतात, आणि ते योग्यच आहे.

आपल्याला घरबसल्या करता येईल ते असं. मोजणीचा आठवडा शनिवार ते शुक्रवार असतो आणि आकडे त्यानंतरच्या गुरुवारी येतात. म्हणून या गुरुवारचा आकडा काल-परवाच्या भागाचा नसतो, हे आधी लक्षात घ्या. सुटा आकडा न धरता चार आठवड्यांची सरासरी काढा. मग त्याच वेळेला दुसऱ्या वाहिन्यांवर लागणाऱ्या मालिका बघा. त्याही उतरल्या असतील, तर प्रेक्षकच कमी होते. तुमच्या मालिकेच्या आधीची, आठची मालिका उतरली असेल, तर तिच्याकडून आयता मिळणारा प्रेक्षक घटला. दोन्ही जागच्या जागी आणि फक्त तुमचीच उतरली, तर दोष कथेत आहे. खरी धोक्याची खूण म्हणजे मालिका साडेआठवरून संध्याकाळी सहाला, रात्री अकराला किंवा दुपारी ढकलली जाणं.

प्रश्न : आमच्या ओळखीत एकाच्याही घरी मोजणीचं यंत्र नाही. मग आमची आवड मोजतं कोण? यंत्र हवं असेल तर अर्ज कुठे करायचा? (कागल)

अर्ज करता येत नाही. घरं बार्क ही टीव्हीचे प्रेक्षक मोजणारी संस्था निवडते आणि ती गुप्त ठेवते. देशभरात अशी ५० हजारांहून अधिक घरं आहेत, टीव्ही असलेली घरं मात्र २०२० च्या अंदाजानुसार २१ कोटी. त्यामुळे ओळखीत एकही यंत्र नसणं अगदी स्वाभाविक आहे. निवड करताना शहर की खेडं, घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि घरातल्या टिकाऊ वस्तू हे धरतात. दरवर्षी साधारण पाव घरं बदलतात.

वाहिनी आपल्या आवाजात कानाला न कळणारा संकेत मिसळते, तो हे यंत्र ओळखतं. घरातला प्रत्येक जण टीव्हीसमोर बसताना आपल्या नावाचं बटण दाबतो. ते दाबायचं राहिलं की मोजणी चुकते.

नमुना लहान असला की आकडा हलतो. समजा, एखाद्या भागात ४०० माणसं मोजली आणि रेटिंग ५ आलं, तर खरं मूल्य ३ ते ७ यांमध्ये कुठेही असू शकतं. ४००० मोजली, तर ते साधारण ४.३ ते ५.७ मध्ये येतं. मराठी वाहिन्यांचे जाहीर आकडे महाराष्ट्र आणि गोवा मिळून असतात. ‘कोल्हापुरात अमुक मालिका पहिली’ असं कुणी छातीठोक सांगितलं, तर नमुना केवढा होता ते विचाराच.

आणि अमुक वाहिनी लावून ठेवा, पैसे देतो, असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. अशाच आरोपांवरून ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांत गुन्हा नोंदला गेला आणि बार्कने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले. ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले.

प्रश्न : वसगड्यात ‘तुझ्यात जीव रंगला’चं चित्रीकरण चालायचं, तेव्हा आमच्या गावात घरोघरी तीच मालिका लागलेली असायची. आता प्रत्येक घरात वेगळं काही तरी चालू असतं. मालिकांचा दर्जा घसरला म्हणून का? (गडहिंग्लज तालुका)

दर्जाबद्दल तुमची तक्रार खरी असेलही, पण आकडे पडण्याची कारणं त्याहून मोठी आहेत. अल्फा मराठी (आजची झी मराठी) १९९९ मध्ये आली, ई टीव्ही मराठी (आजची कलर्स मराठी) २००० मध्ये. त्यानंतर स्टार प्रवाह (२००८), सोनी मराठी (२०१८), सन मराठी (२०२१). ताट तेवढंच आणि पंगत वाढत गेली.

मोठा फटका १ फेब्रुवारी २०१९ ला बसला. वाहिन्या निवडून पैसे भरण्याची नवी दरपद्धत त्या दिवशी लागू झाली. ज्या घराने वाहिन्यांचा एखादा पॅक बंद केला, तिथे त्यातली मालिका कितीही चांगली असली तरी पोहोच शून्य! अनेक गावांत लोक फुकटच्या डीडी फ्री डिशकडे वळले. त्याच सुमारास मोठ्या वाहिनी-समूहांनी आपल्या मोफत हिंदी वाहिन्या तिथून काढून घेतल्या, आणि दंगलसारखी फारशी चर्चेत नसलेली वाहिनी हिंदी मनोरंजनात वर गेली. कथा बदलली नव्हती, डिश बदलली होती. पुढे मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबलं, जुलैपर्यंत नवे भाग नव्हते. रोज ठरलेल्या वेळी टीव्हीसमोर बसायची सवय एकदा मोडली की सगळी माणसं परत येत नाहीत. तोवर काही जण मोबाइलवर रुळलेले असतात.

जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. बार्कने खेड्यांचे आकडे द्यायला सुरुवात केली ऑक्टोबर २०१५ पासून. त्याआधी तुमच्यासारखी गावं हिशेबात नव्हती. शिवाय भाजक बदलतो : २०१८ मध्ये टीव्ही असलेली घरं १९.७ कोटी धरली होती, २०२० मध्ये २१ कोटी. म्हणजे तेच रेटिंग, पण माणसं जास्त.

प्रश्न : माझी गुजरीत सराफी पेढी आहे. दिवाळीसाठी एका मोठ्या मालिकेत जाहिरात द्यावी का? (कोल्हापूर)

दर समजा १० सेकंदांना १८,००० रुपये आणि रेटिंग ६ आहे. म्हणजे एका रेटिंग अंकाला ३,००० रुपये. या अंकावर दोन मालिकांची तुलना होते. पण तुम्ही पैसे मोजता महाराष्ट्र आणि गोव्याचे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८.७६ लाख, महाराष्ट्र-गोव्याची मिळून सुमारे ११.३८ कोटी, वाटा ३.४ टक्के. १८,००० पैकी तुमच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतात जेमतेम ६०० रुपये. नागपूरच्या प्रेक्षकासाठी उरलेले का भरायचे? ‘पाच वेळा दाखवू, ३० अंक मिळतील’ असं कुणी म्हणालं, तरी त्याचा अर्थ ३० टक्के लोक असा नाही. त्यातली बरीचशी माणसं तीच ती असतात.

एकाच शहरातल्या पेढीने स्थानिक केबल वाहिनी घ्यावी. चालू सेट-टॉप बॉक्सची तालुकावार संख्या लेखी मागा. जाहिरात कधी लागली त्याची नोंद आणि रेकॉर्डिंग दर आठवड्याला घ्या, आणि नोंद दिल्यावरच पैसे असं करारात लिहून घ्या.

प्रश्न : मी आमची मालिका दुसऱ्या दिवशी मोबाइल ॲपवर बघते. ते टीआरपीत धरतात का? (उत्तरेश्वर पेठ)

नाही. ते ॲपच्या स्वतःच्या हिशेबात जातं. आणि घरात मोजणीचं यंत्र नसेल, तर टीव्हीवर पाहिलेलंही थेट मोजलं जात नाही. तुमच्यासारख्याच एखाद्या निवडलेल्या घराच्या आकड्यातून ते अंदाजलं जातं.