मुलगी सपोर्ट प्रोजेक्टमध्ये अडकलीये, तिचं करिअर वाया चाललंय का?

नमस्कार काका,

मुलगी 25 वर्षांची, ऐरोलीच्या कंपनीत तीन वर्षं एका बँकेचं चालू सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या सपोर्ट प्रोजेक्टवर, डोंबिवलीहून ठाण्याला गाडी बदलून रोज जाते-येते, आणि तुमच्या मते नुसती तिकिटं, म्हणजे सिस्टममध्ये नोंदवलेल्या तक्रारी, बंद करत बसलीये. सोबत तुम्ही एक्सेलमध्ये केलेला तक्ता पण पाठवलाय. तिसऱ्या वर्षी टीम लीड, पाचव्या वर्षी मॅनेजर, सातव्या वर्षी ऑनसाइट, म्हणजे परदेशात क्लायंटकडे. ती तक्त्याच्या मागे पडली म्हणून आता कॅट, गेट की एमपीएससी, असा तुमचा प्रश्न.

परीक्षांचं आधी उरकते. कॅट नोव्हेंबरच्या शेवटाला असते, गेट फेब्रुवारीत आणि तिचा स्कोअर तीन वर्षं चालतो, दोन्ही नोकरी सांभाळून देता येतात. एमपीएससी यात कुठून आली ते मला कळलं नाही.

आता मला जे खटकलं ते. एवढ्या लांबलचक पत्रात तुम्ही मध्येच एक ओळ लिहिलीये की रोज जेवताना तुम्ही तिला विचारता, आज नवीन काय शिकलीस, आणि हल्ली ती उशिराच जेवते. एवढं लिहून तुम्ही लगेच शेजाऱ्यांच्या अमेरिकेतल्या मुलाकडे वळलात! काका, मला तर सगळं पत्र त्या एका ओळीत दिसलं. दिवसभर क्लायंट विचारतो कधी होणार, मॅनेजर विचारतो का झालं नाही, आठवड्याआड रात्रीचा ऑन-कॉल असतो, म्हणजे फोन आला की उठून बसायचं, आणि घरी आल्यावर ताटासमोर तिसरा अप्रेझल. ती टाळतेय ते तुम्हाला की त्या प्रश्नाला, हे तुम्हीच तपासा. आणि अख्ख्या पत्रात तिला स्वतःला काय करायचंय याबद्दल एक शब्द नाहीये. तक्ता तिला दाखवलाय की नाही तेही लिहिलेलं नाही, मला वाटतं दाखवलाय.

तुम्ही रेल्वेत 34 वर्षं काढलीत, तिथे सीनियॉरिटीची यादी असते, खात्याची परीक्षा असते, साधारण कोण कधी कुठे पोचणार ते आधीच दिसतं. आयटीत तसं नसतं. कोणी मॅनेजर होतो, कोणी आर्किटेक्ट, कोणी शेवटपर्यंत कोडच लिहितो आणि स्वतःच्या मॅनेजरपेक्षा जास्त पगार घेतो. तेव्हा तो तक्ता डिलीट करा.

राहिलं सपोर्ट. सपोर्ट म्हणजे हलकं काम, खरं काम म्हणजे नवीन सॉफ्टवेअर बनवणं, हा समज फक्त तुमचा नाही, इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरंही तेच बोलतात. पण तुम्ही स्वतः सिग्नलच्या मेंटेनन्समध्ये होतात ना? पावसात कुठला पॉइंट आधी दगा देतो हे नकाशा काढणाऱ्याला माहीत असतं की तुम्हाला? मुलीचंही तेच आहे. महिनाअखेरीला बँकेची बॅच, म्हणजे रात्री एकगठ्ठा चालणारं काम, का अडकते, कुठल्या क्वेरीमुळे डेटाबेस लॉक होतो, कुठल्या सर्व्हरचं उत्तर उशिरा येतं, हे तिकिटांतूनच कळतं. गूगलने 2003 मध्ये याच कामासाठी साइट रिलायबिलिटी इंजिनिअर म्हणून वेगळी टीम उभी केली, आज त्या पदाच्या जाहिराती ढिगाने असतात. तिथला एक नियम तिने जरूर लक्षात ठेवावा: तिकिटं, ऑन-कॉल असल्या कामात निम्म्यापेक्षा जास्त वेळ जाता कामा नये, उरलेल्या वेळात तीच कामं पुन्हा हाताने करावी लागणार नाहीत अशी सोय करायची. तिच्याकडे हा दुसरा अर्धा भाग आहे का, विचारायचं तर हे विचारा. अजिबात नसेल, तीन वर्षं नुसते पासवर्ड रिसेट आणि ईमेल पुढे ढकलणं चालू असेल, तर मात्र तुमची काळजी बरोबर आहे आणि तिने इंटर्नल जॉब पोस्टिंग, म्हणजे कंपनीतल्याच दुसऱ्या जागा, बघायला आजच सुरुवात करावी.

आणि असेल, तर आता हे तिच्यासाठी, तिला वाचायला द्या. दर शुक्रवारी पंधरा मिनिटं काढ आणि त्या आठवड्यातलं एकच तिकीट लिहून ठेव: काय बिघडलं, मूळ कारण काय निघालं, पुन्हा होऊ नये म्हणून तू काय केलंस. क्लायंटचा डेटा त्यात नको, फक्त स्वतःचं काम. तीन महिन्यांनी सगळं एकत्र वाच. कुठल्या तिकिटासाठी घड्याळाकडे न बघता बसलीस आणि कुठलं कधी एकदा दुसऱ्याच्या गळ्यात मारते असं झालं, ते आपोआप दिसेल. समजा डेटाबेसवाली आवडली, तर वन-ऑन-वनमध्ये मॅनेजरला स्पष्ट सांग की पुढच्या तिमाहीत तसली तिकिटं मला दे, रिपोर्टची दुसऱ्याला दे. मॅनेजरला मनातलं कळत नाही, त्याला फक्त कोण रिकामं आहे ते दिसतं. अप्रेझलमध्येही किती तिकिटं बंद केली हे लिहून फार काही मिळत नाही. दर महिन्याला अडकणारी बॅच आता अडकत नाही, हे लिही, पुढच्या इंटरव्ह्यूतही तेच विचारतात. पाच वर्षांनी कुठे असशील हे आत्ता माहीत नसलं तरी चालेल, पुढच्या सहा महिन्यांत कुठल्या कामात हात घालायचाय एवढं माहीत असू दे.

काका, पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि तिला लिहायचं नसेल तर नको. जेवताना तो प्रश्न आठवडाभर बंद ठेवून बघा.

तुमची,
करिअर समुपदेशक, दादर