एका ‘बघू’चा राग

‘एवढ्याशा शब्दावरून मला इतका संताप येतो, म्हणजे माझ्यातच काही बिघडले आहे का?’ हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. शब्द मात्र दर वेळी वेगळा असतो. कुणाला ‘मी म्हटलंच होतं’ सहन होत नाही, कुणाला प्रत्येक वाक्याआधीचे ‘बेसिकली’, तर कुणाला वरिष्ठांचे ‘समजलं का?’. ज्या बाईंविषयी येथे त्यांच्या संमतीने आणि ओळखीचे तपशील बदलून लिहीत आहे, त्यांना पतीच्या तोंडचा ‘बघू’ नकोसा झाला होता.

आदल्या रात्री, गळक्या नळासाठी प्लंबरला बोलवायचे का, असे त्यांनी विचारले होते. मोबाइलवरची नजर न उचलता पती ‘बघू’ म्हणाले आणि बाईंनी हातातली पळी ओट्यावर आपटली. ‘दोन अक्षरांसाठी, सर! मुलगी घाबरून खोलीत निघून गेली,’ हे सांगताना त्यांचा राग पतीपेक्षा स्वतःवरच अधिक होता.

आधी एक शंका दूर करणे आवश्यक होते. काही व्यक्तींना चघळण्याचे किंवा श्वासाचे ठरावीक आवाज असह्य होतात. या अवस्थेला मार्गारेट आणि पावेल जॅस्ट्रेबॉफ यांनी २००१ मध्ये ‘मिसोफोनिया’ हे नाव दिले. येथे तसे काही नव्हते, कारण हाच ‘बघू’ मैत्रिणीने उच्चारला तर बाईंना काहीच वाटत नसे.

मी त्यांना आठवडाभर वही ठेवायला सांगितली: ‘बघू’च्या आधी कशाविषयी बोलणे चालले होते, राग किती आला आणि त्या कामाचे पुढे काय झाले. अकरा नोंदी झाल्या. त्यांपैकी दोन सुट्टीत कुठे जायचे याविषयीच्या होत्या आणि तेथे राग शून्य होता. उरलेल्या नऊ नोंदी आईच्या तपासणीची तारीख, मुलीच्या सहलीचे पैसे, तोच नळ अशा कामांच्या होत्या, आणि शेवटच्या रकान्यात नऊही वेळा एकच उत्तर होते: ‘मीच केले.’ सहाव्या नोंदीपर्यंत मोठ्याने वाचून बाई थांबल्या.

एखादा शब्द सलग उच्चारत राहिले की काही क्षण त्याचा अर्थ विरून जातो, हे लिऑन जॅकोबोव्हिट्स यांनी १९६२ मधील आपल्या प्रबंधात तपासले होते. या घरात नेमके उलटे घडले होते, कारण वर्षानुवर्षांच्या वापराने त्या शब्दाला अर्थ चिकटत गेला होता. व्याकरणाने ‘बघू’ हे ‘आपण’चे क्रियापद आहे, बाईंच्या कानी मात्र ते ‘तूच बघ’ असे पडत होते.

पुढील भेटीत पतीही आले. त्यांच्या लहानपणी घरात कुणी स्पष्ट ‘नाही’ म्हटले, की चार दिवस अबोला असे; त्यामुळे ‘बघू’ म्हणजे समोरच्याला न दुखवण्याची रीत, असे ते मनापासून मानत होते. बायको नेमकी त्यानेच दुखावते, हे त्यांना वही पाहून उमगले.

शब्द सोडून द्या, असे मी कधी सुचवत नाही, कारण त्याच्या जागी ‘हो हो, पाहतो’ येऊन बसतो. त्याऐवजी ‘बघू’ला वार जोडायचा असे ठरले: ‘बघू, शनिवारी.’ बाईंनीही ‘तू नेहमीच टाळतोस’ असे न म्हणता, थॉमस गॉर्डन यांनी पालकांना शिकवलेल्या ‘मी’च्या मांडणीने बोलायचे होते: ‘तू बघू म्हणालास, की हे काम माझ्यावरच पडणार असे मला वाटते.’ पहिल्या दिवशी हे वाक्य त्यांना नाटकी वाटले, आणि ते थोडे नाटकी असतेही.

पाच आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या. एक शनिवार हुकला होता आणि त्यावरून भांडणही झाले होते. मात्र ते हुकलेल्या शनिवारावरून झाले, ‘बघू’वरून नाही. निघताना त्या दाराशी थांबल्या. ‘सर, रागावू नका, पण तुम्ही दर दोन वाक्यांनंतर “मी समजू शकतो” म्हणता. पहिल्या दिवसापासून ते माझ्या डोक्यात जातं.’

मी त्यांच्या वहीतले एक कोरे पान मागून घेतले.