कयाक उलटली तर स्कर्ट सुटेल ना?

प्रश्न : ताई, माझी मुलगी कोलाडला कुंडलिका नदीवर कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, शिकते आहे. आता तिने निओप्रीनचा (रबरासारख्या कापडाचा) स्प्रे स्कर्ट घेतलाय, कमरेला घालून कयाकचं तोंड झाकतात तो. तो इतका घट्ट, की बसवायला तिला मैत्रिणीची मदत लागली. कयाक उलटली तर ती आत अडकेल, या धास्तीने मला झोप नाही. वापरू देऊ का?
– एक आई, कोथरूड

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. स्कर्ट कॉकपिटच्या, म्हणजे कयाकमध्ये बसायच्या पोकळीच्या, कडेला इलॅस्टिकने धरून बसतो आणि सुटतो तो पुढच्या पट्ट्याने. म्हणून बसवताना आधी मागची बाजू, मग पुढची, शेवटी कुशीच्या बाजू. आणि पट्टा कायम बाहेर.

हे मी अनुभवातून सांगते. पवना धरणाच्या पाण्यात एकदा घाईत माझा पट्टा आत दुमडला गेला. उलटल्यावर हात पुढे नेला, तर बोटांखाली नुसतं गुळगुळीत निओप्रीन. कमरेशेजारी स्कर्टची चिमूट धरून तो कडेवरून उचकटला, तेव्हा सुटले. तेव्हापासून मी पट्ट्याला छिद्रांचा प्लॅस्टिकचा चेंडू बांधते. तो आत जात नाही आणि डोळे मिटलेले असले तरी हाताला लागतो.

तिला आधी जमिनीवर, कयाकमध्ये बसून, डोळे मिटून स्कर्ट सोडायला लावा. एकटीला आणि एका हाताने जमायला हवं. जमत नसेल तर हा स्कर्ट तूर्त बाजूला ठेवा. कॉकपिटच्या मापाचा आहे का, तेही तपासा. संथ पाण्यात शिकताना नायलॉनचा बरा, तो सहज सुटतो. निओप्रीनचा उसळत्या पाण्यासाठी, कारण नायलॉनचा तिथे लाटेच्या माऱ्याने निघू शकतो.

मग जलतरण तलावात, छातीभर पाण्यात, शेजारी प्रशिक्षक उभा असताना, कयाक मुद्दाम उलटवायची. आधी स्कर्टशिवाय, नंतर स्कर्टसह. उलटल्याबरोबर पुढे वाकायचं, म्हणजे नदीत डोकं दगडापासून वाचतं. दोन्ही हात कॉकपिटच्या कडेवरून पुढे सरकवत पट्टा गाठायचा. इथे बहुतेक जण चुकतात : पट्टा सरळ पोटाकडे ओढतात आणि स्कर्ट कड सोडत नाही. तो आधी पुढे रेटायचा, मगच वर उचलायचा. नंतर कमरेशेजारी कडेवर हात टेकून, पाय सैल सोडून बाहेर यायचं.

पुढच्या खेपेला कोलाडला तुम्हीही जा. ती पाण्यात उतरण्याआधी विचारा, ‘पट्टा कुठाय?’ तिने तो न बघता हात लावून दाखवायचा.